सूर्य मृगात, पाऊस कुठे?

हिंजवडीचे नाव निघाले की आता डोळ्यांपुढे येतात त्या काचेच्या उंच इमारती, कंपन्यांच्या बसगाड्यांच्या रांगा आणि सकाळ-संध्याकाळची वाहतुकीची कोंडी. पण याच गावात चैत्री पौर्णिमेला ग्रामदैवत म्हातोबाचे बगाड निघते आणि त्या दिवशी रस्त्यावर आयटी पार्कचे नव्हे, तर गावाचे राज्य असते. बगाड झाले, वैशाख सरला, की मुळशीच्या खेड्यांतील जुन्या माणसांच्या तोंडी दुसराच विषय येतो. मृग कधी लागतोय आणि यंदा त्याचे वाहन काय?

बगाड आणि मृग ही दोन्ही पंचांगातलीच. पण ती दोन वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. चैत्री पौर्णिमा २०२३ मध्ये ६ एप्रिलला आली, २०२४ मध्ये २३ एप्रिलला आणि २०२५ मध्ये १२ एप्रिलला. गणेश चतुर्थीचे तसेच. २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला होती, दोन वर्षांनी २७ ऑगस्टला. मृग मात्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो. सण चंद्राच्या तालावर मागेपुढे होतात; मृग जागचा हलत नाही, कारण तो सूर्याचा आहे.

चीनचे चोवीस टप्पे

चंद्राचे महिने आणि सूर्याचे ऋतू यांची सांगड घालण्याची अडचण फक्त आपलीच नव्हती. चिनी पंचांगही आपल्यासारखेच चांद्रसौर. महिने चंद्राचे, म्हणून त्यांचे नववर्षही जानेवारी-फेब्रुवारीत मागेपुढे होते. शेतकऱ्याला अशा तारखांचा काय उपयोग? म्हणून चिनी ज्योतिर्विदांनी सूर्याच्या वार्षिक मार्गाचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस भाग पाडले आणि प्रत्येकाला नाव दिले. ख्रिस्तपूर्व १०४ मधील पंचांग-सुधारणेत हे चोवीस टप्पे अधिकृतपणे दाखल झाले. पीत नदीच्या खोऱ्यातील शेतीवरून बेतलेली ही नावे ऐकली तरी ऋतू समोर उभा राहतो : वसंतारंभ, किड्यांचे जागे होणे, धान्याचा पाऊस, पांढरे दव, हिमकण उतरणे, थोरली थंडी.

प्रत्येक टप्प्याला काही ना काही रीत जोडलेली. एप्रिलच्या सुरुवातीच्या ‘छिंगमिंग’ला, म्हणजे ‘स्वच्छ उजेडा’च्या दिवशी, कुटुंबे पूर्वजांच्या कबरी झाडून साफ करतात, त्याआधी खुडलेल्या कोवळ्या चहाला मोठा भाव येतो. मेच्या प्रारंभी ग्रीष्म सुरू होतो, तेव्हा दक्षिण चीनमध्ये मुलांना तराजूत बसवून वजन करण्याची प्रथा आहे. उन्हाळ्यात पोर वाळू नये ही त्यामागची काळजी. डिसेंबरात दिवस सर्वांत लहान असतो, तेव्हा उत्तरेत सारण भरलेले उकडीचे डंपलिंग आणि दक्षिणेत तांदळाच्या पिठीचे गोड गोळे खातात. २०१६ मध्ये युनेस्कोने या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन ४ फेब्रुवारीला, नेमके वसंतारंभाच्या दिवशी झाले आणि त्याची उलटगणतीही या चोवीस नावांनीच केली गेली.

गंमत म्हणजे अधिक महिना ठरवण्याचा दोन्ही देशांतला नियम जवळजवळ एकच आहे. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक मास. चीनमध्ये चोवीसांपैकी बारा टप्पे प्रमुख मानतात. ज्या महिन्यात असा एकही टप्पा येत नाही, तो महिना वाढीव ठरतो.

महानक्षत्रांची मोजणी

चिन्यांचे जसे चोवीस, तशी आपली सत्तावीस नक्षत्रे. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र ओलांडतो. बारशाला, लग्नाला पाहतात ते हे चंद्राचे नक्षत्र. सूर्याला मात्र तेच अंतर कापायला तेरा-चौदा दिवस लागतात. सूर्याच्या या नक्षत्राला पंचांगात महानक्षत्र म्हणतात आणि शेतकऱ्याचे ‘नक्षत्र’ ते हेच. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि सप्टेंबरच्या २६-२७ तारखेला हस्त. मृगापासून हस्तापर्यंतची ही नऊ पावसाची. त्यांच्या अलीकडे रोहिणी आणि पलीकडे चित्रा, स्वाती.

सूर्य मृगात असतो तेव्हा आकाशातले मृग नक्षत्र दिसत नाही, कारण ते सूर्याबरोबरच उगवते नि मावळते. तो व्याध, ती हरणाची आकृती पाहायची तर थंडीच्या रात्रीच गच्चीवर जायला हवे. म्हणजे शेतकरी ज्या नक्षत्राच्या नावाने पेरणी करतो, ते त्याला त्या वेळी दिसतही नसते. ते त्याला कळते पंचांगातून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून आणि जमिनीवरच्या खुणांतून. पहिल्या सरींनंतर मातीतून वर येणारा तांबडा, मखमली मृगाचा किडा ही त्यातली सर्वांत लाडकी खूण. शास्त्राच्या दृष्टीने तो कीटक नव्हे, आठ पायांचा, कोळ्याच्या गोत्रातला जीव; पण मुलांच्या तळहातावर तो मृगाचा किडाच असतो. ‘किडे जागे होतात’ असे एका टप्प्याचे नाव ठेवणाऱ्या चिनी शेतकऱ्याला तो लगेच ओळखता आला असता. जूनच्या ५-६ तारखेला येणाऱ्या एका चिनी टप्प्याचे नाव ‘कुसळाचे धान्य’ असे आहे. गव्हाची कापणी आणि भाताची लावणी यांची ही धांदल. आपला मृग त्यानंतर दोनच दिवसांनी लागतो.

मुळशी-मावळ हा भाताचा मुलूख. इथले वर्षाचे काम नक्षत्रांच्याच भाषेत बोलले जाते. उन्हाळ्यात राब भाजायचा, रोहिणी-मृगात रोप टाकायचे, आर्द्रा-पुनर्वसूत चिखलणी करून लावणीला लागायचे. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस आणि पुष्याचा ‘म्हातारा’. तरण्याने दांडगाई करावी, म्हाताऱ्याने संथपणे रिपरिपत राहावे. उत्तरा चांगल्या बरसल्या की भात इतका पिकतो म्हणतात, की कुत्रेसुद्धा त्याला तोंड लावत नाही. दाणा भरण्याच्या वेळी खाचरात पाणी हवे, हा त्यातला अर्थ कृषी पदवीधरही नाकारणार नाही. आंबेमोहराचा सुगंध याच वेळापत्रकात तयार होत आला आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये बाहेर पडलेला इंद्रायणीही त्यातच सामावला गेला.

शेवटी हस्त, म्हणजे हत्तीचा पाऊस. परतीच्या वाऱ्यांच्या दिवसांत दुपारपर्यंत ऊन तापते, उंचच उंच ढग उभे राहतात आणि संध्याकाळी गडगडाटासह कोसळतात. हत्ती आठवावा असेच ते रूप. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा भोंडला किंवा हादगा याच नक्षत्राचा. मुळात तो हस्त लागल्यापासून सोळा दिवस चालायचा. आता बहुतेक ठिकाणी घटस्थापनेपासून सुरू होतो. सूर्याचा खेळ हळूच चंद्राच्या सणात जाऊन बसला. खिरापत ओळखायची मजा तेवढी कायम राहिली.

बेडूक, म्हैस आणि कोल्हा

या सगळ्यात सर्वांत लोकप्रिय भाग वाहनांचा. नक्षत्राचे वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर असेल तर मध्यम. कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ. घोडा असेल तर डोंगरमाथ्यावर. हे वाहन ठरते कसे? सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कितव्या नक्षत्रात आहे ते मोजायचे, त्या संख्येला नऊने भागायचे आणि बाकी पाहायची. प्रत्येक बाकीला एक प्राणी. यात वारा नाही, समुद्राचे तापमान नाही, ढगही नाहीत.

शिवाय एकच वाहन साऱ्या महाराष्ट्राला लागू. मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणी घाटात हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून काही तासांच्या वाटेवरच्या पुण्यात वर्षाला सातशेच्या आसपास. दोन्हीकडे म्हैस पाणी घेऊन आली, तरी कुणाची पखाल किती मोठी हे पंचांग सांगू शकत नाही. त्यासाठी वेधशाळाच हवी. आणि ती तर आपल्या दारातच आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले होते. पुढे ते दिल्लीला गेले तरी शिवाजीनगरचे ‘सिमला ऑफिस’ आणि पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था यांनी पुण्याचे पावसाशी असलेले नाते टिकवले.

म्हणून वाहन आणि नक्षत्र यांची गल्लत करू नये. वाहन हे भाकीत आहे आणि ते करमणुकीपुरते ठेवावे. नक्षत्र हे वेळापत्रक आहे. पावसाळा शेवटी सूर्याच्या तापण्याने होतो. म्हणून सूर्याची जागा सांगणारे पंचांग शेतीला उपयोगी पडते, चंद्राचे पडत नाही.

सरकणारी नक्षत्रे

या वेळापत्रकात एक बारीक फट मात्र आहे. चिनी टप्पे संपातबिंदूपासून, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या स्थानापासून मोजले जातात. त्यामुळे ते ऋतूंना घट्ट बांधलेले आहेत. आपली नक्षत्रे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली जातात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलत असल्याने ताऱ्यांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही. पण साधारण ७२ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकर संक्रांतीचा. त्या दिवशी तारीख होती १२ जानेवारी. आज आपण तिळगूळ वाटतो तो १४ किंवा १५ जानेवारीला. उत्तरायण मात्र २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते.

हाच हिशेब मृगाला लावला तर? वराहमिहिराच्या काळात, सहाव्या शतकात, सूर्य ऋतूंच्या मानाने आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी मृगात शिरत असे, म्हणजे आजच्या हिशेबाने मेच्या मध्यावर. त्या वेळी मृगात पेरणारा शेतकरी फसलाच असता. तेव्हा आपल्या तोंडी असलेले नक्षत्रांचे ठोकताळे जसेच्या तसे हजारो वर्षांचे असू शकत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी आभाळ पाहून ते जुळवून घेतले असले पाहिजेत. परंपरा म्हणजे न बदलणारी गोष्ट, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्या मराठी विद्वानाने एकोणिसाव्या शतकातच ऋतूंशी जुळणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला होता. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिकाही ऋतूंनाच धरून आहे. ती सरकारी कागदांवर राहिली. बांधावर पोचली नाही.

रोहिणीतला पाऊस, आर्द्रेतला पाऊस

ताऱ्यांचे सरकणे इतके संथ, की एका आयुष्यात ते जाणवत नाही. जाणवते ते पावसाचे लहरीपण. २०२३ मध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंगावले, केरळात मोसमी पाऊस ८ जूनला आला आणि मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. सारा मृग कोरडा गेला. २०२५ मध्ये उलट झाले. २४ मेला केरळ, २६ मेला मुंबई आणि पुणे; म्हणजे रोहिणी लागते न लागते तोच पाऊस दारात. शेतांच्या मशागती व्हायच्या होत्या. आणि मेअखेरीस मोसमी वाऱ्यांची वाटचाल थबकली ती जूनच्या मध्यापर्यंत. ‘पेरणीची घाई करू नका’ असे कृषी खात्याला सांगावे लागले. रोहिणीच्या ओलीवर भुलून बी टाकायचे आणि मृगातल्या उघडिपीने ते करपले की दुबार पेरणीचे कर्ज काढायचे, हा जुगार कोरडवाहू शेतकऱ्याला नवा नाही. हवामान खात्यानेही २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या; राजस्थानातून परतीला सुरुवात होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. हस्ताचा हत्ती आता उशिरापर्यंत मुक्काम करतो आणि कापणीला आलेला भात त्याच्या पायदळी सापडतो.

हिंजवडीत भाताची खाचरे आता थोडीच उरली. मग नक्षत्रांशी या गावाचे देणेघेणे संपले का? जून २०२५ मध्ये आयटी पार्कच्या रस्त्यांवर गुडघा-गुडघा पाणी साचले, त्याची चित्रे देशभर गेली. बुजवलेल्या आणि वळवलेल्या ओढ्या-नाल्यांची चर्चा त्यानंतर सुरू झाली. खाचर म्हणजे नुसते शेत नव्हते. बांध घालून अडवलेले पाणी ते पुढच्या खाचरात सोडत असे आणि शेवटी ओढ्यामार्गे मुळेला मिळत असे. कोणत्या नक्षत्रात ओढा किती फुगतो, कुठला बांध आधी फुटतो, हे लावणी करणाऱ्याला पाठ असे. खाचरावर भराव पडला तेव्हा हे ज्ञानही त्याखाली गेले. पावसाला मात्र ती वाट अजून माहीत आहे.

चीनमधल्या शहरी तरुणांच्या हातांतल्या मोबाइलवर आज चोवीस टप्प्यांची चित्रे येतात, त्या-त्या दिवसाचे पदार्थ दुकानांत मिळतात. आपल्याकडेही कालनिर्णय असो की दाते पंचांग, महानक्षत्राची ओळ दरवर्षी छापलेली असतेच. फक्त आपली नजर सुट्ट्यांच्या लाल आकड्यांवर असते. या वर्षी मुलांना घेऊन ती ओळ शोधून पाहावी. मृग लागेल त्या दिवशी पाऊस आला की नाही, आर्द्रेत किती आला, हत्तीने कधी निरोप घेतला, एवढे भिंतीवरच्या पानावरच टिपून ठेवावे. पाच-दहा वर्षांच्या अशा नोंदींतून घराघराला आपल्या आभाळाचा अंदाज येईल. आपल्या आजे-पणज्यांनी नक्षत्रांचे ठोकताळे बांधले ते याहून वेगळे काही करून नव्हे.