धान्याचा राखणदार आणि पशुवैद्यकीय दवाखाना

शेतकऱ्याच्या गोठ्यांतील बैल, गाय व म्हैस यांची किंमत बाजारांत ठरते. म्हणून त्यांच्या दुखण्याकडे मालकाचें व दवाखान्याचें लक्ष असतें. शेळी-कोंबडीसही भाव आहे. मांजरास मात्र कोणताच भाव नसल्यामुळें तें आजारी पडलें असतां त्याची गणना जनावरांत करावी कीं नाहीं, येथपासूनच प्रश्न उपस्थित होतो. वस्तुतः ज्या घरीं ज्वारी, गहूं वा भात वर्षभर सांठवावयाचा असतो, त्या घरीं मांजर हा बिनपगारी राखणदार होय. उंदीर खातो थोडें, पण लेंड्या व मूत्र यांनीं नासवितो पुष्कळ. शिवाय त्याच्या मूत्रावाटे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ज्वर भातखाचरांत राबणाऱ्या माणसांच्या जिवावर उठतो. अशा राखणदाराच्या उपचारांत काय उणें पडतें, हें आम्हांस अनुभवानें कळलें. तो अनुभव व त्यापासून निघणारा बोध येथें क्रमानें मांडतों.

आमच्या घरीं चार वर्षांची, सुमारें चार किलो वजनाची एक मांजरी होती. घरांत तिला मनी म्हणत. गेल्या पावसाळ्यांत एका बोक्याशीं झालेल्या झटापटींत तिच्या पुढच्या पायास चावा बसला. पाय सुजला, अंगांत ताप भरला व तिनें खाणें सोडलें. आम्हीं तिला टोपलींत घालून जवळच्या दवाखान्यांत नेलें. पशुवैद्य त्या दिवशीं एका अडलेल्या म्हशीस सोडविण्याकरितां दूरच्या गांवीं गेले होते. जागेवर असलेल्या कर्मचाऱ्यानें टोपलींत डोकावण्यापूर्वींच विचारलें, "भाऊसाहेब, मांजरासाठीं एवढी धांवपळ?" त्यानें वजन केलें नाहीं, ताप मोजला नाहीं, जखमेवरील केंस बाजूस सारून पाहिलें नाहीं. माणसांस तापावर देतात ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून, पाण्यांत कालवून त्यानें तिच्या घशांत घातली व उरलेली अर्धी रात्रीं देण्यासाठीं पुडींत बांधून दिली. आम्हीं औषधाची चिठ्ठी मागितली, तेव्हां "मांजराची चिठ्ठी कोण करतो?" असें उत्तर मिळालें.

चार तासांच्या आंत मनीचें तोंड व पंजे सुजले, हिरड्यांचा रंग तपकिरी झाला व श्वास जलद चालूं लागला. रात्रीची मात्रा आम्हीं दिली नाहीं. पहांटे भाड्याच्या गाडीनें तिला जिल्ह्याच्या ठिकाणीं, लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे नेलें. हिरड्या पाहतांच त्यांनीं पहिला प्रश्न केला तो हा कीं, "हिला कोणती गोळी दिली?" त्यांनीं प्राणवायु दिला, अॅसिटिलसिस्टीन हा उतारा टोंचला, परंतु वेळ निघून गेली होती. तिसऱ्या दिवशीं मनी गेली. पायाचा पू काढून योग्य औषध दिलें असतें तर मूळ दुखणें आठवड्याभरांत बरें होण्यासारखें होतें, असें त्यांनीं सांगितलें.

या विषबाधेचें कारण समजून घेण्यासारखें आहे. माणसाचें यकृत पॅरासिटामॉलचा बराच भाग ग्लुकुरॉनिक आम्लाशीं जोडून लघवीवाटे बाहेर टाकतें. मांजराच्या यकृतांत ही शक्ति जन्मतःच फार थोडी असते. त्यामुळें त्याच औषधाचीं घातक द्रव्यें शरीरांत सांचतात, रक्तांतील तांबड्या पेशी बिघडतात, आणि रक्त प्राणवायु वाहून नेण्यास असमर्थ होतें. हिरड्या तपकिरी दिसतात त्या याचमुळें. किलोमागें १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेंही मांजरास बाधा झालेली आहे. अर्ध्या गोळीनें मनीच्या अंगांत किलोमागें ६२ मिलिग्रॅम औषध गेलें. तेव्हां बैलाची मात्रा वजनाच्या हिशेबानें कमी केली कीं मांजराची झाली, असें समजणें चुकीचें आहे. मांजराचें शरीरच निराळें आहे.

आतां दवाखान्याची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालीं स्थापन झालें, तेव्हांपासून दीर्घकाळ या विद्येचा भर घोडे व गुरें यांवरच राहिला. पशुवैद्य एक आणि गांवें अनेक, ही अडचण खरी आहे. परंतु १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाप्रमाणें नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज इतरांस किरकोळ सेवाच, आणि त्याही पशुवैद्याच्या देखरेखीखालीं, राज्य शासनाच्या परवानगीनें करतां येतात. पशुवैद्य गांवीं नसतां "मला हें ठाऊक नाहीं, दूरध्वनीवर विचारून सांगतों," एवढें म्हणण्यास कोणताही खर्च पडत नाहीं.

वाचकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली : घरांतील माणसांचें तापाचें वा अंगदुखीचें औषध मांजरास कधींही देऊं नये, व कोणी देऊं लागल्यास देऊं देऊं नये.

दुसरी : परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखीं गुरांचीं व कुत्र्यांचीं गोचीडनाशकें मांजराच्या अंगास लावूं नयेत, त्यांनीं थरकांप व झटके येतात.

तिसरी : मांजरास नेण्यापूर्वीं त्याचें वजन करावें. मांजर घेऊन काट्यावर उभें राहावें, मग त्यावांचून. अंतर तेंच त्याचें वजन.

चौथी : औषधाचें नांव, मात्रा व वेळ लिहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडूं नये. महसूल खात्यांत आमची हयात गेली. जें कागदावर नाहीं त्याची दाद कोठेंच लागत नाहीं. नांव ठाऊक असलें म्हणजे पुढच्या वैद्यासही उतारा लवकर देतां येतो, आणि या विषबाधेंत पहिल्या कांहीं तासांनाच मोल आहे.

पांचवी : मांजरासही पिसाळ रोगाची लस तीन महिन्यांच्या वयापासून टोंचून घ्यावी. पिसाळलेल्या मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्याइतकाच प्राणघातक आहे.

आपल्या संघासही येथें करण्यासारखें काम आहे. मांजरास वर्ज्य असलेल्या औषधांची यादी पशुवैद्यांकडून तपासून घेऊन ती मोठ्या अक्षरांत छापवावी व तालुक्यांतील प्रत्येक दवाखान्यांत लावण्याची विनंति करावी. अॅसिटिलसिस्टीन हें माणसांच्या रुग्णालयांतही वापरांत असलेलें औषध आहे; त्याच्या चार कुप्या तालुक्याच्या दवाखान्यांत ठेवण्याबद्दल पशुसंवर्धन खात्याकडे लेखी मागणी करावी. यास लागणारा खर्च उंदरांनीं एका हंगामांत नासलेल्या धान्याच्या किंमतीहून खात्रीनें कमी भरेल. जो प्राणी आपलें धान्य राखतो, त्याला बरें करतां आलें नाहीं तरी निदान औषधानें मारूं नये, इतकी अपेक्षा शेतकऱ्यानें आपल्या दवाखान्याकडून ठेवणें वावगें नाहीं.