थरच्या वाळवंटातील वातज निक्षेप व पुराहवामान

वाऱ्याने उचललेली, वाहून नेलेली आणि वाऱ्याचा जोर ओसरताच खाली साचलेली वाळू व धूळ यांच्या संचयांना वातज निक्षेप असे म्हणतात. वालुकागिरी म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि लोएस म्हणजे बारीक, पिवळसर मातीचे जाड थर हे त्यांचे दोन प्रमुख प्रकार होत. हे निक्षेप साचताना त्या काळचा वारा, पाऊस, वनस्पती आणि वाळूचा पुरवठा यांच्या खुणा त्यांत राहून जातात. त्यामुळे भूतकाळातील हवामानाचा, म्हणजेच पुराहवामानाचा, अभ्यास करण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. भारतात असा अभ्यास सर्वाधिक झाला तो थरच्या वाळवंटात. वाळूची टेकडी दिसली की तो काळ कोरडा होता असे समजण्याची जुनी पद्धत किती अपुरी आहे, हेही याच वाळवंटाने दाखवून दिले.

वाळू व धूळ

वाऱ्याबरोबर वाळू आणि धूळ सारख्याच रीतीने प्रवास करत नाहीत. साधारणपणे ०.१ ते ०.५ मिलिमीटर व्यासाचे वाळूचे कण जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकतात. प्रत्येक कण खाली पडताना दुसऱ्या कणांना धक्का देतो आणि तेही उसळतात. म्हणून वाळू आपल्या उगमापासून फार दूर जात नाही व टेकड्यांच्या रूपाने साचते. सुमारे ०.०६ मिलिमीटरपेक्षा बारीक धूळ मात्र हवेत तरंगत शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर जाते. या प्रक्रियेचे भौतिकशास्त्र ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅग्नोल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटातील भ्रमंतीतून आणि प्रयोगशाळेतील वातबोगद्याच्या साहाय्याने उलगडले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला व तो आजही आधारभूत मानला जातो.

टेकडी उभी राहण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: कण हलवू शकेल इतका वेगवान वारा, उचलता येईल अशी सुटी व कोरडी वाळू, आणि तिला धरून ठेवणाऱ्या वनस्पतींचा अभाव किंवा विरळपणा. यांपैकी एक जरी नसली तरी टेकडी वाढत नाही. थरमधील नोंदींचा अर्थ लावताना हीच गोष्ट निर्णायक ठरते.

आकार व अंतर्गत रचना

टेकडीचा आकार पाहूनही बरेच सांगता येते. चंद्रकोरीच्या आकाराच्या बारखाण टेकडीची शिंगे वारा ज्या दिशेला जातो त्या दिशेला वळलेली असतात. अशा टेकड्या जवळजवळ उघड्या, वनस्पतिहीन भूमीवर तयार होतात. थरमध्ये मात्र नालेच्या आकाराच्या, म्हणजे अन्वस्ताकार टेकड्या फार मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्यांचे बाहू उलट, वारा जिकडून येतो त्या बाजूला पसरलेले असतात, कारण दोन्ही कडांची वाळू गवताने व झुडपांनी जखडली जाते आणि मधला उघडा भाग पुढे सरकतो. म्हणजे अशी टेकडी पूर्ण ओसाड प्रदेशाची खूण नाही. ती तयार होत असताना तेथे काही ना काही उगवत होते. थरमधील या टेकड्यांची तोंडे नैऋत्येला उघडी आहेत. उन्हाळ्यात व मोसमी पावसाच्या आधी वाहणाऱ्या जोरदार नैऋत्य वाऱ्यांनीच त्या घडवल्या, हे यावरून स्पष्ट होते.

टेकडी उभी कापली असता आत तिरपे स्तर दिसतात. वाऱ्याच्या आडोशाला वाळू घसरून सुमारे ३० ते ३४ अंशांच्या उतारावर स्थिरावते आणि असे एकावर एक उतार जतन होतात. त्यांच्या कलावरून जुन्या वाऱ्याची दिशा काढता येते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, दगड बनून गेलेल्या वाळवंटांसाठीही हीच पद्धत वापरतात.

काही ठिकाणी या तिरप्या स्तरांऐवजी तांबूस, घट्ट झालेली वाळू आणि चुनखडीच्या गाठी लागतात. या गाठींना कंकर म्हणतात. पावसाचे पाणी मुरताना विरघळलेला चुना खाली नेते आणि पाणी बाष्प होऊन गेल्यावर तो गाठींच्या रूपाने मागे राहतो. यासाठी टेकडीचा पृष्ठभाग दीर्घकाळ स्थिर राहावा लागतो. म्हणून कंकराचा थर म्हणजे वाळू थांबल्याची, पाऊस बऱ्यापैकी पडत असल्याची आणि माती तयार होऊ लागल्याची खूण मानली जाते.

कालमापन

थरांचा क्रम कळला तरी त्यांचे वय कळल्याशिवाय हवामानाचा इतिहास लिहिता येत नाही. वाळूत लाकूड, कोळसा यांसारखे सेंद्रिय अवशेष क्वचितच टिकतात. शिवाय कार्बन-१४ पद्धतीची मर्यादा सुमारे ५० हजार वर्षांची आहे. ही अडचण प्रदीप्ती कालमापनाने दूर केली.

वाळूतील क्वार्ट्झ व फेल्डस्पार या खनिजांवर आसपासच्या युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्साराचा मारा सतत होत असतो. त्यामुळे सुटलेले काही इलेक्ट्रॉन स्फटिकातील दोषांमध्ये अडकून पडतात. सूर्यप्रकाश लागताच ते मोकळे होतात, म्हणजे घड्याळ शून्यावर येते. कण वाळूखाली गाडला गेला की पुन्हा साठा सुरू होतो. प्रयोगशाळेत त्या कणाला उष्णता किंवा विशिष्ट प्रकाश दिल्यास अडकलेली ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. तिच्यावरून एकूण साठलेली मात्रा काढतात आणि तिला वार्षिक मात्रेने भागतात. उदाहरणार्थ, एकूण मात्रा ३० ग्रे व दर हजार वर्षांची मात्रा २ ग्रे असेल, तर कण गाडला जाऊन १५ हजार वर्षे झाली. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूला भरपूर ऊन मिळते, त्यामुळे तिचे घड्याळ नदीच्या गाळापेक्षा अधिक खात्रीने शून्यावर येते. वाळवंटी निक्षेपांना ही पद्धत विशेष मानवते ती यामुळेच. नमुना घेताना मात्र त्याला प्रकाश लागू द्यायचा नसतो. टेकडीच्या कापलेल्या भिंतीत धातूची नळी ठोकून वाळू काढतात, नळीची तोंडे लगेच बंद करतात आणि ती मंद लाल उजेडाच्या खोलीतच उघडतात.

अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतील अशोक सिंघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानातील टेकड्यांची वये या तत्त्वावर, उष्णतेच्या साहाय्याने, काढून ती १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. वाळूच्या टेकड्यांचे थेट वय काढण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होता.

डिडवाना येथील १६ आर टेकडी

राजस्थानातील डिडवाना या खाऱ्या सरोवराच्या परिसरात ‘१६ आर’ या नावाने ओळखली जाणारी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ व्ही. एन. मिश्र आणि भूपुरातत्त्वज्ञ एस. एन. राजगुरू यांच्या पुढाकाराने तेथे उत्खनन झाले. जवळजवळ २० मीटर खोलीच्या या छेदात वाळूचे आणि कंकराचे थर आलटून पालटून येतात व त्यांत निरनिराळ्या पातळ्यांवर पुराश्मयुगीन दगडी हत्यारेही सापडली. माणसे या टेकडीवर पुनःपुन्हा येऊन राहत होती, हे त्यावरून समजते. पुढील कालमापनांतून या छेदात सुमारे दोन लाख वर्षांचा इतिहास असल्याचे दिसून आले.

या एकाच टेकडीने थर हे काही हजार वर्षांपूर्वी माणसाच्या हातून निर्माण झालेले अर्वाचीन वाळवंट असावे, हा एके काळी प्रचलित असलेला समज निकालात काढला. वाळू येथे हिमयुगांच्या अनेक आवर्तनांपासून आहे. ती मधूनमधून धावली आणि मधूनमधून थांबली.

कोरडेपणा व वारा

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग शिगेला पोहोचले होते. त्या वेळी मोसमी पाऊस क्षीण होता. डिडवाना सरोवराच्या तळातील गाळातही त्या काळाशी जुळणारे मिठाचे थर आहेत, म्हणजे सरोवर अतिशय खारट झाले होते. टेकड्या केवळ कोरडेपणामुळे वाढत असत्या तर याच काळातील वाळू थरमध्ये सर्वाधिक सापडायला हवी होती. प्रत्यक्षात तसे आढळत नाही. टेकड्यांच्या बांधणीचा मोठा टप्पा त्यानंतरचा, म्हणजे साधारण १७ ते १० हजार वर्षांपूर्वीच्या संक्रमणकाळातील आहे. त्या वेळी मोसमी वारे पुन्हा जोर धरू लागले होते.

याचे स्पष्टीकरण वाऱ्यात आहे. थरमध्ये वाळू हलवणारा वारा आणि पाऊस आणणारा वारा एकाच मोसमी व्यवस्थेचे भाग आहेत. हिमयुगाच्या ऐन भरात ती व्यवस्थाच दुबळी झाल्याने जमीन कोरडी असूनही वाळू उचलणारा जोरदार वारा नव्हता. पुढे वारा आधी सुधारला. पाऊस वाढून गवत व झुडपे वाळूवर पसरायला मात्र वेळ लागला. या मधल्या अरुंद अवधीत टेकड्या झपाट्याने वाढल्या. त्यानंतर पाऊस पुरेसा होताच वनस्पतींनी वाळू धरली आणि टेकड्या स्थिर झाल्या. १९७० च्या दशकात गुरदीप सिंग यांनी सांभर, डिडवाना व लुणकरणसर येथील सरोवरांच्या गाळातील परागकणांचा अभ्यास केला. त्यातूनही हिमयुगानंतरच्या अधिक ओल्या काळाचे चित्र समोर आले होते.

यावरून टेकडी आणि सरोवर यांची नोंद एकत्र वाचणे का आवश्यक आहे ते कळते. सरोवर पाण्याचा हिशेब ठेवते. टेकडी मात्र वारा, वाळू व वनस्पती यांच्या परस्परसंबंधाचा हिशेब ठेवते, आणि तोही अपुरा. कारण पुढच्या काळातील वारा जुनी वाळू उडवून नेऊ शकतो. एखाद्या काळातील थर न सापडणे म्हणजे त्या काळी वाळू हललीच नाही, असे म्हणता येत नाही.

आज अरवलीच्या खिंडींमधून पूर्वेकडे व दक्षिणेस उत्तर गुजरातच्या मैदानापर्यंत जुन्या, स्थिरावलेल्या टेकड्या आढळतात. तेथील सध्याच्या पावसात त्या तयार होणे शक्य नाही. त्यावरून वाळवंटाच्या सीमा एके काळी बऱ्याच पुढे होत्या असे दिसते.

चीनमधील लोएसशी तुलना

उत्तर चीनमधील लोएस पठारावर धुळीचे थर अनेक ठिकाणी १०० मीटरपेक्षा, तर काही ठिकाणी ३०० मीटरपेक्षाही जाड आहेत. ही माती वाऱ्याने आणली असे जर्मन भूगोलज्ञ फर्डिनांट फोन रिश्टहोफेन यांनी १९ व्या शतकात प्रतिपादन केले. लिऊ तुंगशंग यांच्या संशोधनाने तिचा सुमारे २६ लाख वर्षांचा क्रम जगासमोर आला. तेथे फिकट लोएस आणि तांबूस पुरामृदा यांचे थर हिमकाल व उष्णकाल यांच्या आवर्तनांशी जुळतात.

चीनमधील नोंद थरपेक्षा वाचायला सोपी आहे, कारण तेथे दोन वारे दोन वेगळी कामे करतात. हिवाळी मोसमी वारा वायव्येकडील वाळवंटांतून धूळ आणतो व त्याचा जोर कणांच्या आकारातून मोजता येतो. उन्हाळी वारा पाऊस आणतो, माती घडवतो आणि त्या मातीतील सूक्ष्म चुंबकीय खनिजे वाढवतो. थरमध्ये ही दोन्ही कामे एकाच मोसमाकडे असल्याने खुणा एकमेकींत गुंततात. भारतात लोएस आढळतो तो मुख्यतः काश्मीर खोऱ्यात, करेवा या पठारी भूभागांच्या माथ्यावर. त्यातही पुरामृदांचे थर आहेत. पांपोरचे केशर पिकते ते करेवांवरच.

सौराष्ट्रातील मिलिओलाइट

थरच्या दक्षिणेस सौराष्ट्र व कच्छमध्ये वाऱ्याने वेगळ्याच प्रकारची वाळू साचवली. समुद्रकिनाऱ्यावरील शिंपले व सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा चुरा वाऱ्याने आत नेला आणि पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या चुन्याने तो सांधला जाऊन दगड बनला. हाच मिलिओलाइट चुनखडक. ‘पोरबंदरचा दगड’ या नावाने तो मुंबईतील अनेक ब्रिटिशकालीन इमारतींमध्ये वापरला गेला.

सागरी कवचे असलेला हा खडक समुद्रापासून दूर, टेकड्यांच्या उतारांवरही आढळतो. तो सर्वच्या सर्व समुद्रात तयार झाला असे धरल्यास भूतकाळातील समुद्राची पातळी अवास्तव उंच मानावी लागते. यावर दीर्घकाळ वाद झाला. किनाऱ्यालगतच्या काही थरांचे मूळ सागरी असले तरी अंतर्भागातील थर वाऱ्याने आणलेले आहेत, असे आता सामान्यतः मानले जाते.

सद्यस्थिती

पूर्व थरमधील बऱ्याच टेकड्या आज गवत, फोग व खेजडी यांनी स्थिर केलेल्या आहेत. पश्चिमेस जैसलमेरच्या बाजूला मात्र वाळू अजूनही सरकते. आता तिच्यामागे केवळ हवामान नाही. अतिचराई, सरपणासाठी होणारी झुडपांची तोड आणि टेकड्यांच्या उतारांवर ट्रॅक्टरने होणारी नांगरट यांमुळे स्थिर वाळू पुन्हा सुटते. जोधपूर येथे १९५९ मध्ये सध्याच्या स्वरूपात आलेली केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था (काझरी) वाऱ्याला आडवे झुडपी अडसर उभारून व झाडे लावून टेकड्या स्थिर करण्याच्या पद्धती विकसित करत आली आहे.

इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचलेल्या भागात शेतीसाठी टेकड्या सपाट केल्या जातात. त्यांच्याबरोबर थरांचा क्रम, कंकर व हत्यारे यांची जागाही नाहीशी होते. सपाटीकरणात उलथलेली वाळू पुन्हा उन्हात येते आणि तिच्या कणांमधील घड्याळ शून्यावर जाते, त्यामुळे तिचे मूळ वय नंतर काढता येत नाही.