शेवालिए सेंट लुबिन आणि पुणे दरबार : एका फ्रेंच वकिलाची कारकीर्द (इ. स. १७७७-७८)

प्रस्तावना :
उत्तर पेशवाईतील परराष्ट्र संबंधांच्या अभ्यासात अप्टन, मोस्टिन, मॅलेट या इंग्रज वकिलांचा उल्लेख वारंवार येतो. त्या तुलनेत फ्रेंच वकील शेवालिए सेंट लुबिन उपेक्षित राहिला आहे. त्याने कबूल केलेले सैन्य पुण्यास कधीच आले नाही. तरीही त्याच्या वास्तव्याचे परिणाम तळेगाव-चिंचवडपर्यंत जाणवले. या विसंगतीची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१७६३ च्या पॅरिस तहानंतर हिंदुस्थानातील फ्रेंचांची सत्ता मोजक्या वखारींपुरती उरली होती. १७७६ मध्ये अमेरिकन वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा इंग्लंडला शह देण्याची संधी फ्रान्सला दिसू लागली. इकडे १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला होता. परंतु मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष सोडला नव्हता. सवाई माधवराव अल्पवयीन होते आणि कारभाराचा भार नाना फडणिसांवर होता. पुणे दरबारालाही इंग्रजांविरुद्ध एखाद्या प्रतिस्पर्ध्याची गरज होतीच.

वकिलातीचे स्वरूप :
सेंट लुबिन यापूर्वी दक्षिण हिंदुस्थानात वावरलेला होता. पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धाच्या काळात तो मद्रासकर इंग्रजांच्या संपर्कात होता. या अनुभवाचे भांडवल करून त्याने फ्रान्सचे नौकामंत्री सार्तीन यांचा विश्वास संपादन केला. १७७७ मध्ये तो चौल बंदरात उतरला व मे महिन्यात पुण्यास पोहोचला. दरबाराने त्याचा सन्मान केला. अडीच हजार युरोपियन सैनिक, दहा हजार शिपायांचे कवायती शिक्षण आणि युद्धसाहित्य पुरविण्याची तयारी त्याने दर्शविल्याचे वृत्तांत आढळतात. मोबदल्यात फ्रेंचांना चौलसारखे बंदर हवे होते. मात्र एवढी मोठी आश्वासने देण्याइतके बळ त्याच्या पाठीशी नव्हते.

परिणाम :
नाना फडणिसांनी या आश्वासनांवर किती विश्वास ठेवला, यापेक्षा इंग्रजांनी किती ठेवला, हे अधिक महत्त्वाचे ठरले. पुण्यातील इंग्रज वकील मोस्टिन यांच्या पत्रांमुळे मुंबई व कलकत्ता येथे धास्ती निर्माण झाली. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकेशी तह केला आणि त्याच वर्षी इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटले. वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधून खुष्कीच्या मार्गाने फौज रवाना केली. फ्रेंचांचे पुण्यातील अस्तित्व हे तिचे एक समर्थन होते. नानांनी १७७८ मध्येच सेंट लुबिनला निरोप दिला. परंतु युद्धाची चक्रे थांबली नाहीत.

मुंबईकरांचे सुमारे चार हजारांचे सैन्य, १९ हजारांहून अधिक बैलांच्या लवाजम्यासह, राघोबादादांना पुण्यास आणण्यासाठी बोरघाट चढून आले. ९ जानेवारी १७७९ रोजी ते तळेगावास पोहोचले, तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून रसद तोडली होती. प्रसंग पडल्यास चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळण्याची तयारी होती. मोरया गोसावींच्या समाधीमुळे पवित्र मानलेले चिंचवडही यातून वगळलेले नव्हते, यावरून संकटाचे गांभीर्य लक्षात येते. अखेर इंग्रजांनी माघार घेतली, वडगाव येथे ते वेढले गेले आणि तेथेच त्यांना नामुष्कीचा करार करावा लागला. चिंचवड वाचले.

मूल्यमापन :
सेंट लुबिनचे सामर्थ्य त्याच्या अधिकारपत्रात नसून प्रतिपक्षाच्या भीतीत होते. नानांनी त्या भीतीचा उपयोग करून घेतला, हे त्यांचे चातुर्य होय. तथापि या डावाची किंमतही मोजावी लागली. ज्या वकिलाकडून प्रत्यक्ष मदत मिळाली नाही, त्याच्या निमित्ताने हेस्टिंग्जला हस्तक्षेपाचे कारण मिळाले. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात, पोर्तुगीजांच्या जुन्या वखारींचा अपवाद वगळता, इतर युरोपियनांना मराठी मुलखात वखारी घालू न देण्याचे कलम आले.

निष्कर्ष :
सेंट लुबिनची वकिलात फ्रेंचांच्या दृष्टीने निष्फळ ठरली. मराठ्यांना तिने इंग्रजांवर दबाव आणण्याचे साधन दिले, पण संरक्षण दिले नाही. वडगावचे यश मराठ्यांनी स्वतःच्या युद्धपद्धतीने आणि तळेगावकरांनी सोसलेल्या हानीच्या बळावर मिळविले. म्हणून मराठा-फ्रेंच संबंधांचा अभ्यास पॅरिस व पुण्याच्या दरबारांपुरता मर्यादित न ठेवता, बोरघाट ते चिंचवड या टापूच्या स्थानिक इतिहासाशी जोडून होणे आवश्यक आहे.