अंदाजी भावातील चूक किती?

हल्ली पुष्कळ पेढ्यांवर रोजकीर्द व खतावणी संगणकावर लिहिली जाते, आणि घरातील तरुण मंडळी त्याच तक्त्यांतून आवक पाहून भावाचा अंदाजही काढतात. अंदाज काढणे कठीण राहिलेले नाही. तो कितपत चुकेल हे मात्र क्वचितच विचारले जाते. ते सांगणारे एसटीईवायएक्स नावाचे सूत्र एक्सेल व गुगल शीट्स या दोहोंत आयतेच आहे.

समजा, पाच बाजारांत ज्वारीची आवक १००, २००, ३००, ४०० व ५०० पोती झाली आणि क्विंटलचा भाव अनुक्रमे २५६०, २४८०, २४६०, २४२० व २३३० रुपये निघाला. या आकड्यांस सर्वांत जवळची सरळ रेषा, जिला शास्त्रात समाश्रयण रेषा म्हणतात, असे सांगते की शंभर पोती वाढली की भाव ५२ रुपये उतरतो. म्हणजे ३५० पोत्यांस २४२४ रुपये. परंतु प्रत्यक्ष भाव रेषेपासून ६, २२, १०, २२ व १६ रुपये वरखाली आहेत. या फरकांच्या वर्गांची बेरीज १३६०. तिला पाचाने नव्हे, तिनाने भागावयाचे. कारण रेषेचा उतार व तिचा आरंभ या दोन गोष्टी आपण याच पाच नोंदींतून काढून घेतल्या. भागाकाराचे वर्गमूळ २१.२९ रुपये. हीच प्रमाण त्रुटी होय.

आता ज्या सौद्यात क्विंटलमागे १० रुपयेच सुटावयाचे, त्यास २४२४ या आकड्याचा आधार कसला? नोंदी इतक्या थोड्या असता नव्या दिवसाचा अंदाज तर याहूनही अधिक चुकण्याचा संभव असतो.

आवक ‘ए’ व भाव ‘बी’ रकान्यात असल्यास =एसटीईवायएक्स(बी२:बी६, ए२:ए६) असे लिहावे; अक्षरे अर्थात रोमन. भाव प्रथम, आवक नंतर. क्रम उलटल्यास ३९.९५ हे उत्तर येते. दिसावयास ते निर्दोष, पण ती पोती होत, रुपये नव्हेत, आणि यंत्र त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही! बाजार बंद असेल त्या दिवसाची जागा रिकामी ठेवावी. शून्य लिहिल्यास तीही खरी नोंद म्हणून धरली जाते. तिनांहून कमी नोंदींवर सूत्र चालत नाही.

ही त्रुटी फक्त मागील नोंदींवरून निघते. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने गव्हाच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास ती ३००० टनांची होती. अशा हुकमाची वार्ता रेषेस नसते. त्या तारखेपूर्वीच्या व नंतरच्या गव्हाच्या नोंदी एका तक्त्यात मिसळू नयेत; दोन तक्ते करून दोहोंची त्रुटी वेगळी काढावी.