तीन लिटर ऑईल आणि एक बाटली

सकाळी चावी फिरवली की पहिले दोन-तीन सेकंद इंजिनातून खडखड ऐकू यायची, डब्यात खिळे घालून हलवावेत तशी, आणि मग सगळं शांत. गेल्या हिवाळ्यात हे रोजचं झालं. गाडी पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, अकरा वर्षांची, १ लाख १८ हजार किलोमीटर पळालेली. स्पेअर पार्टच्या एका दुकानात मी आवाजाचं वर्णन सांगितलं, तर काउंटरवर एक बाटली आली. ‘ऑईलमध्ये हे ओता. आत कोटिंग बसतं, आवाज जातो.’ ३०० मिलिलिटर, साडेचारशे रुपये. इंजिन खोलायचं म्हटलं तर येणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम काहीच वाटली नाही, म्हणून घेतली. बहुतेक जण अशा बाटल्या याच हिशेबानं घेत असावेत.

शनिवारी सकाळी बाटली पिशवीत घालून मी शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरच्या या भागात एका गल्लीत कास्टिंगवर ग्राइंडर फिरत असतो, दुसऱ्या गल्लीत क्रँक घासून आणि सिलिंडर बोअर करून मिळतात, आणि अशाच एका बोळात आमच्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. मिस्त्रींनी बाटली हातात घेतली, फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला आणि बाकावर ठेवली.

“ओतूया की, ताई. पर आधी आत काय हाय ते तरी बघूया.”

त्यांनी बॉनेट उघडलं. डिपस्टिक ओढली, चिंधीनं पुसली, पुन्हा तळापर्यंत घातली आणि मग काढून उजेडात आडवी धरली. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑईल दोन्हींच्या मध्ये असावं लागतं. माझं खालच्या खुणेपर्यंतही पोचत नव्हतं. लहान गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण लिटरभर ऑईल, आणि सगळं मिळून आत असतं तीन लिटरच्या आसपास. म्हणजे माझं इंजिन गरजेच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी ऑईलवर चालत होतं. बॉनेटखाली तारेला बांधलेल्या पुठ्ठ्यावर मागच्या वेळची तारीख आणि किलोमीटर होते. चौदा महिने, ११ हजार ४०० किलोमीटर. कंपनीचं पुस्तक सांगतं दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मधल्या काळात मी एकदाही बॉनेट उघडलं नव्हतं.

“पण लाल दिवा कधी लागला नाही,” मी म्हणाले.

हा गैरसमज माझ्यासारख्या अनेकांचा आहे, म्हणून सांगते. डॅशबोर्डवरचा तो किटलीसारखा दिवा ऑईल किती आहे हे सांगत नाही. ऑईलचा दाब पडला की तो लागतो. चढावर किंवा वळणावर ऑईल एका बाजूला सरकून पंपाच्या तोंडाशी हवा आली की दाब पडतो, आणि तोवर बेअरिंगांवर कोरडी घासण सुरू झालेली असते.

मिस्त्रींनी पट्टीवरचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळला, मग नाकाशी नेला. ऑईल काळंभोर होतं. मला वाटलं, तेच वाईट लक्षण. त्यांनी मान हलवली. “काळं व्हायलाच पायजे. आतली घाण धरून ठेवायलंय म्हणून काळं झालंय. वर्षभर चालवून ऑईल सोन्यासारखं राहिलं, तर घाण कुठं गेली म्हणायची?” ते शोधत होते तीन गोष्टी: बोटांना कचकच लागते का, पेट्रोलचा वास येतो का, आणि रंगात कुठे दुधाळपणा आहे का. ऑईल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर त्यात कूलंटचं पाणी उतरलं असा संशय घ्यायचा, बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेलं असतं. माझ्या ऑईलला पेट्रोलचा हलका वास होता. एका वेळी किती चालवता, असं त्यांनी विचारलं. शाळा, मंडई, घर. चार किलोमीटर. इतक्या अंतरात पाण्याच्या तापमानाचा काटा वर येतो, पण ऑईल तापायला त्याहून जास्त वेळ घेतं. ते नीट तापलं नाही की पिस्टनजवळून खाली उतरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही, ऑईलमध्येच मुरतं. म्हणून हळू आणि थोडी चालवलेली गाडी इंजिनाला सोपी जाते, हे खरं नाही. गाड्यांच्या पुस्तकांत सतत थोड्या अंतराच्या फेऱ्या, धूळ आणि गर्दीतलं थांबत-थांबत चालवणं हे ‘कठीण वापर’ या सदरात टाकलेलं असतं, आणि त्यासाठी ऑईल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक शहरी गाड्या या सदरात मोडतात. ते पान सहसा कुणी उघडत नाही.

इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून गरम केलं. गार ऑईल घाण तळाशी सोडून येतं, गरम ऑईल ती सोबत घेऊन येतं. गाडी रॅम्पवर गेली. मिस्त्रींनी रिंग पान्यानं चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑईलच्या भांड्याचा, बोल्ट सैल केला, शेवटचे आटे बोटांनी फिरवत बोल्ट वरच दाबून धरला आणि एका झटक्यात हात बाजूला घेतला. आधी अंगठ्याएवढी धार पडली, मग पेन्सिलीएवढी, मग दोऱ्याएवढी. आणि मग थेंब. बहुतेक ठिकाणी या क्षणी बोल्ट परत लागतो, कारण मागे दुसरी गाडी उभी असते. मिस्त्रींनी चहा सांगितला. थेंब पडत राहिले, वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत त्यांनी जे केलं, त्याला बिलात नाव नव्हतं. डोक्याला दिवा लावून खालून सगळं पाहिलं. पुढच्या डाव्या चाकाजवळचं रबरी बूट चिरायला लागलं होतं, ते दाखवलं. टॅपेट कव्हरच्या कडेनं ऑईल पाझरून धूळ चिकटली होती, म्हणजे पॅकिंग कडक झालं होतं. माझं लिटरभराहून जास्त ऑईल कुठे गेलं याचं अर्धं उत्तर तिथं होतं. फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून पाहिला. एअर फिल्टर काढून आपटला, तर उसाच्या ट्रॅक्टरांमागची सगळी धूळ खाली पडली. सर्व्हिसिंगमध्ये आपण ज्याचे पैसे देतो, त्यातला मोठा भाग हा आहे. जाणत्या माणसाचे डोळे वर्षातून एकदा आपल्या गाडीखालून फिरतात. बाटली कितीही चांगली असली, तरी तिला ते चिरलेलं बूट दिसणार नव्हतं.

मग फिल्टर. पट्टा पान्यानं तो सुटला आणि हातात घेताच मिस्त्रींचा चेहरा बदलला. “हा कुणी बसवला?” मागच्या वेळी घाईत मी घराजवळ एका ठिकाणी ऑईल बदलून घेतलं होतं, तिथला होता. त्यांनी तो शिकंज्यात धरून करवतीनं कापला आणि आतली रबराची चकती दोन बोटांनी वाकवून दाखवली. वाकलीच नाही, कडेला मोडली. या चकतीचं काम एकच: गाडी बंद असताना फिल्टरमधलं ऑईल खाली चेंबरमध्ये परत जाऊ न देणं. चकती कडक झाली की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो, मगच ऑईल वर कॅमशाफ्टपर्यंत आणि टायमिंग चेनच्या टेन्शनरपर्यंत चढतं. ते दोन-तीन सेकंद मी रोज ऐकत होते. ज्या आवाजावर मी साडेचारशे रुपयांचं औषध आणलं होतं, त्याचं मूळ दीड-दोनशे रुपयांच्या फिल्टरमधल्या रबरात होतं, आणि वर ऑईल कमी होतं.

घरी आल्यावर मी या बाटल्यांविषयी बरंच वाचलं, कारण ‘कोटिंग’ हा शब्द डोक्यातून जात नव्हता. पहिली गोष्ट जी मला आधी कळायला हवी होती ती ही, की चांगल्या ऑईलमध्ये ॲडिटिव्ह आधीपासूनच असतात. डब्यातलं सगळं नुसतं तेल नसतं. घाण सोडवणारी कॅल्शियम-मॅग्नेशियमची संयुगं, काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देणारी द्रव्यं, फेस मोडणारं सिलिकॉन, तापल्यावर ऑईल फार पातळ होऊ नये म्हणून घातलेली पॉलिमरं, आणि जस्त-फॉस्फरसचं एक संयुग, जे १९४०च्या दशकापासून वापरात आहे. धातूवर धातू घासला जातो तिथल्या उष्णतेनं आणि दाबानं हे संयुग काचेसारखा अतिपातळ थर धरतं. कोटिंग म्हणायचं तर ते हेच, आणि त्याचे पैसे ऑईलच्या किमतीत दिलेले असतात.

ही सगळी द्रव्यं धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मिळवायला एकमेकांशी झगडतात. म्हणून त्यांची मात्रा मोजून ठरलेली असते. फॉस्फरस कमी पडला तर कॅम झिजतो, वाढला तर सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ लागतो. आजच्या ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ पेट्रोल ऑईलमध्ये त्याचं प्रमाण ०.०६ ते ०.०८ टक्क्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवतात. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कॅल्शियम जास्त झालं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटून पिस्टन फुटू शकतो, हे लक्षात आल्यावर ऑईलची घडणच बदलली. डब्यावरच्या ‘एपीआय एसपी’ या २०२० मध्ये आलेल्या दर्जामागे हे एक कारण आहे. असा दर्जा मिळवायला ठरलेल्या इंजिनांत ऑईल घालून ती तासन्‌तास चालवतात, खोलतात आणि झीज मोजतात. वरून आपण बाटली ओतली, की त्या चाचणीतून गेलेलं मिश्रण राहत नाही. नवं मिश्रण तयार होतं आणि त्याची चाचणी आपल्या इंजिनात सुरू होते.

अमेरिकेत हा वाद सरकारी तक्रारीपर्यंत गेला. टेफ्लॉनच्या जातीचे कण असलेलं ‘स्लिक ५०’ हे तिथलं गाजलेलं ॲडिटिव्ह. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९६ मध्ये त्याच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार दाखल केली. या द्रव्याचा थर इंजिनाच्या भागांवर बसत नाही आणि पुस्तकात सांगितलेलं ऑईल वापरणाऱ्या बहुतेक इंजिनांना सुरू होतानाच्या झिजेपासून पुरेसं संरक्षण असतंच, असं कमिशनचं म्हणणं होतं. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि पुराव्याशिवाय तसे दावे करायला बंदी आली. मी गेले त्या दुकानाच्या काउंटरवर मात्र ‘कोटिंग’ अजून विकलं जात होतं.

सगळ्याच बाटल्या निरुपयोगी असतात, असं मी म्हणणार नाही. पेट्रोलच्या टाकीत घालायचं, इंजेक्टर साफ करणारं द्रव्य ही वेगळी गोष्ट आहे, त्याचा उपयोग होऊ शकतो. रबरी सील थोडं फुगवून जुन्या गाडीची गळती काही महिने कमी करणारी द्रव्यंही असतात. पण सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: ऑईल दाट करणारी बाटली ओतली की निळा धूर आणि टॅपेटचा आवाज काही दिवस दबतो. गाडी थंड असताना, स्वतः चावी फिरवून, मागे कुणालातरी उभं करून पाहावी.

आणि मोटारसायकलमध्ये तर काहीच ओतू नये. त्या शनिवारी मी गॅरेजमध्ये बसले होते तेवढ्यात एक मुलगा आला. रेस दिली की इंजिन ओरडतंय, गाडी पळत नाही, अशी त्याची तक्रार. बहुतेक मोटारसायकलींत क्लचप्लेटा इंजिनाच्याच ऑईलमध्ये बुडलेल्या असतात. म्हणून त्यांच्या ऑईलच्या डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं पाहतात. घर्षण कमी करणारी बाटली त्यानं ओतली होती, आणि घर्षण नेमकं तिथंच हवं होतं. मिस्त्रींनी ते सगळं ऑईल काढायला सांगितलं. प्लेटा वाचल्या तर नशीब.

चहा संपवून मी शेजारच्या क्रँकवाल्यांकडे डोकावले. बाकावर एका जीपगाडीचा क्रँक पडला होता, त्याचं एक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, निळं-जांभळं झालेलं. कारखान्यातून येताना क्रँक आणि बेअरिंग यांच्यात केसापेक्षा कमी फट असते आणि त्या फटीत फिरणाऱ्या ऑईलवर क्रँक तरंगतो. धातूला धातू लागायचाच नसतो. इथं लागला होता. आता दहा थाव (इंचाचे हजारावे भाग) घासायचा की वीस, हे मापी लावून ठरणार होतं. त्या गाडीचं उघडलेलं चेंबरही शेजारी होतं. तळाशी करपलेल्या काकवीसारखा थर, पंपाची जाळी निम्मी बुजलेली. असा थर असलेल्या इंजिनात आतून धुणारा फ्लश ओतला तर ढलपे एकदम सुटतात आणि उरलेली जाळी बुजवतात. मिस्त्री अशा वेळी चांगलं ऑईल घालून दीड-दोन हजार किलोमीटरवर पुन्हा बदलतात. त्या काळ्या थराला दोन-तीनदा ताजं ऑईल दाखवायचं, असं ते म्हणतात. तो हळूहळू विरघळतो.

माझ्या गाडीला नवा वॉशर लागला. बोल्ट पान्यानं बेतानं आवळला, चेंबर ॲल्युमिनियमचं, जोर जास्त झाला तर आटे जातात. नव्या फिल्टरच्या रबरी कडीला बोटानं ऑईल लावून तो हातानंच पिळला. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. डब्यावरचा ग्रेड पुस्तकातल्याशी जुळवून तीन लिटर ऑईल ओतलं, मिनिटभर चालवून पाच मिनिटं थांबून पुन्हा पट्टी पाहिली. वरच्या खुणेच्या नखभर खाली. बाकावरच्या बाटलीकडे मिस्त्रींनी बोट केलं. ती ओतायची तर तेवढं ऑईल आधी काढावं लागेल, नाहीतर पातळी खुणेच्या वर जाऊन क्रँक त्यात आपटेल आणि फेस होईल. नको, म्हणाले. पुठ्ठ्यावर नवी तारीख पडली. जुनं ऑईल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी नेणाऱ्यांच्या पिंपात गेलं. बांधकामाच्या फळ्यांना लावायला मागायला येणाऱ्यांना मिस्त्री आता देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीची काच खाली घेऊन चावी फिरवली. खडखड आली नाही. त्यानंतरच्या दर रविवारी, गाडी सपाटीवर लावून, इंजिन गार असताना मी पट्टी पुसून पाहते. तिसऱ्या रविवारी ऑईल जरा खाली दिसलं म्हणून मिस्त्रींना फोन केला.

“किती?” त्यांनी विचारलं.

“ज्वारीच्या दाण्याएवढं.”

“मग पुढच्या रविवारी परत बघा, आणि लिहून ठेवा.”