सूटपत्र : बायबलांतील विवाह आणि घटस्फोट



घटस्फोटाविषयीं बायबलांत एकच निर्णय सांगितला आहे, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. वस्तुतः त्या ग्रंथांत या प्रश्नाची एक दीर्घ चर्चा आहे, आणि तिच्या मध्यभागीं एक लहानसा कागद आहे.

‘अनुवाद’ या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायांत तो आढळतो. पत्नीस टाकणारा पति तिच्या हातीं सूटपत्र देतो. त्याच्या आधारें तिला दुसरा विवाह करतां येतो. टाकण्याचा अधिकार पुरुषाचा; स्त्रीला आधार तेवढा कागदाचा.

परंतु टाकण्यास कारण कोणतें असावें? मूळ हिब्रू शब्द संदिग्ध आहेत. शम्मायच्या पंथानें त्यांचा अर्थ दुर्वर्तन असा केला. हिल्लेलच्या पंथास स्वयंपाक बिघडला एवढें कारणही पुरेसें वाटलें. म्हणजे करपलेल्या भाजीपायीं एखादी स्त्री निराश्रित होऊं शकत होती!

हाच वाद परूश्यांनीं येशूपुढें मांडला. त्यानें कारणांची यादी न देतां उत्पत्तीच्या कथेकडे बोट दाखविलें : पतिपत्नी एकदेह होतात, आणि ईश्वरानें जोडलेलें मनुष्यानें तोडूं नये. मोशेची मोकळीक ही मनुष्याच्या कठोर अंतःकरणामुळें होती, असें तो म्हणाला. मार्काच्या वृत्तांतांत या निषेधास अपवाद नाहीं. मत्तयाच्या वृत्तांतांत व्यभिचाराचा आहे. पुढें पौलानें करिंथकरांस लिहितांना, अविश्वासी जोडीदार स्वतःहून निघून गेल्यास दुसरा बांधलेला नाहीं, असें सांगितलें.

या वचनांच्या निरनिराळ्या अर्थांतून निरनिराळ्या परंपरा निघाल्या. कॅथॉलिक चर्च विधियुक्त व पूर्ण झालेला ख्रिस्ती विवाह अभेद्य मानतें. ऑर्थोडॉक्स व बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ कांहीं प्रसंगीं घटस्फोट मान्य करतात.

आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबांना हा विषय केवळ पोथींतला नव्हता. 1869 च्या कायद्यान्वये पतीस पत्नीचा व्यभिचार दाखविणें पुरे होई. पत्नीस मात्र साधारणतः व्यभिचारासह क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. ही विषमता 2001 च्या दुरुस्तीनें दूर झाली आणि परस्परसंमतीचा मार्गही खुला झाला.

विवाह टिकावा, हा त्या वचनाचा हेतु खराच. पण तें उच्चारलें गेलें तेव्हां दाराबाहेर काढली जाणारी व्यक्ति स्त्री होती, हें विसरून त्याचा अर्थ लावूं गेल्यास तिच्या रक्षणाकरितां घातलेली कडीच तिला आंत कोंडून ठेवील.