अब्बांच्या दुनळीची तुटलेली कमान

अब्बांच्या इंतकालानंतर आम्ही तिघे भावंडे वाटणीला बसलो. घर, कलमे, भाताची जमीन यांवर शब्दाला शब्द लागला नाही. अडले ते बंदुकीवर. खरे तर बंदूक तेव्हा घरात नव्हतीच. परवाना अब्बांच्या नावावर होता. परवानेदार गेला की घरात हत्यार ठेवण्याचा हक्कही त्याच्याबरोबर संपतो, म्हणून भाईजाननी ती चाळिसाव्याच्या आधीच पोलीस ठाण्यात जमा केली होती. ते योग्यच झाले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तसेच सांगितले आहे. जवळच्या ठाण्यात नाही तर परवानाधारक दुकानदाराकडे ती ठेवता येते आणि वारसांचा तिच्यावरचा मालकी हक्क शाबूत राहतो.

ही बारा बोअरची दुनळी आजोबांनी मोंबासाहून आणलेली. आमच्या कोकणी घरांतली कितीतरी माणसे त्या काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किंवा जहाजावर नोकरीला असत. कुणी घड्याळ आणले, कुणी शिवणयंत्र. आजोबांनी बंदूक आणली. बर्मिंगहॅमची बनावट, अक्रोडाचा दस्ता, दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांवर बारीक वेलबुट्टी. शिकारीचा जमाना १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपला. आमच्या आठवणीत ती फक्त रानडुकरे पळवायला हवेत वाजली, आणि दर निवडणुकीला ठाण्यात जाऊन आली.

भाईजाननी परवान्यासाठी अर्ज केला. वारसाला परवाना मिळण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. वडील हयात असतानाही, वयाची ७० वर्षे झाली किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली तर, ते वारसाच्या नावे परवाना मागू शकतात. हे आम्हाला आधी माहीत असते तर बंदूक दीड पावसाळा ठाण्याच्या कोठडीत पडली नसती. अर्जाबरोबर बाकीच्या वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागले. मी सही केली, आपानेही केली.

परवाना झाला, बंदूक घरी आली. भाईजाननी ती उघडली आणि बंद केली तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखे वाटले. दुनळी उघडताना नळ्या खाली झुकतात आणि त्यांच्याच जोरावर आतले दोन्ही घोडे मागे ताणले जातात. त्यामुळे हाताला एक घट्टपणा लागतो. या वेळी अर्धाच लागला. उजवा चाप ओढला तर आवाज आला तो डब्याचे झाकण पडावे तसा.

मुंबईच्या एका दुकानदाराने फोटो पाहून भाव सांगितला, तो ऐकून भाईजान गप्पच झाले. चालू स्थितीत असती तर त्याच्या कितीतरी पट देईन, असेही तो म्हणाला. मग भाईजानचे एक दोस्त पुढे आले. त्यांचे तालुक्याला वेल्डिंगचे दुकान. “कमान तुटली असणार. आणा इकडे, तासाभरात जोडून देतो.” पैसेही घेणार नव्हते.

आपा त्या दिवशी माहेरी आली होती. ती म्हणाली, “भाईजान, मी सही केली ती परवान्याला. हिश्शावर सही नाही केली.”

घरात एकदम शांतता झाली. मलाही ते जरा कठोर वाटले, खोटे कशाला सांगू. पण नंतर विचार केला तेव्हा तिचेच बरोबर वाटले. परवाना सरकार एका माणसाला देते. बंदुकीची किंमत मात्र मरहूम वडिलांच्या तरक्यातली, म्हणजे मागे ठेवलेल्या मालमत्तेतली, आणि अम्मी आधीच गेलेल्या असल्यामुळे तिचे पाच हिस्से: दोन भाईजानचे, दोन माझे, एक आपाचा. सूरह निसामध्ये स्त्रियांचा वाटा सांगताना मालमत्ता थोडी असो की जास्त, हेही स्पष्ट केले आहे. आपण मात्र जमिनीच्या बाबतीत बहिणीला विचारतो (तेही सगळे विचारत नाहीत) आणि घड्याळ, बंदूक, शिवणयंत्र ज्याच्या हातात असेल त्याचे समजतो. आपाचा मुद्दा एवढाच होता की सामाईक चीज तासाभराच्या वेल्डिंगला द्यायची तर तिघांना विचारून द्या.

कायदाही तिच्याच बाजूचा निघाला. बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. ज्याच्याकडे तो परवाना नाही त्याने हात लावणे गुन्हा. शेवटी आम्ही तिघांनी ठरवले की परवानाधारक कारागिराकडे जायचे आणि खर्च किमतीतून वजा करायचा. भाईजान बंदूक आणि कागद घेऊन निघाले, मी सोबत.

कारागीर सत्तरीचे. त्यांच्या वडिलांनी हे काम मुंगेरला शिकले होते. मुंगेरचे नाव बंदुकीशी जोडले गेले ते बंगालचे नवाब मीर कासिम यांच्यामुळे. १७६२ मध्ये त्यांनी राजधानी मुर्शिदाबादहून तिकडे हलवली आणि गुर्गिन खान या आर्मेनियन सेनापतीच्या देखरेखीखाली तोफा-बंदुकांचे कारखाने उभे केले. नवाबी दोन वर्षांत बुडाली, कसब मात्र त्या शहरात टिकले.

त्यांनी आधी नळ्या उतरवून खालचे शिक्के पाहिले. बर्मिंगहॅमला १८१३ पासून चाचणीघर आहे. तिथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त भाराचा बार काढून पाहतात आणि टिकली तरच शिक्का मारतात. मग त्यांनी बाजूच्या पट्टीचा स्क्रू काढला. त्यासाठी त्यांच्याकडे पातळ, घासून नेमके केलेले पेचकस होते. स्क्रूच्या खाचा केसासारख्या, बाजारातला पेचकस लावला तर खाच फाटते आणि बंदुकीची किंमत तिथेच उतरते.

पट्टी बाहेर आली आणि तिच्या आतल्या अंगाला ‘लॉक’ दिसले. लॉक म्हटले की आपल्याला दाराचे कुलूप आठवते, पण हे काम उंदराच्या सापळ्याच्या जवळचे. एक व्ही आकाराची जाड पोलादी कमान. तिच्या जोराने फिरणारा घोडा. तो फिरून पुढच्या खिळीवर आदळला की काडतुसाची टोपी पेटते. घोड्याला एक खाच असते. त्या खाचेत एका छोट्या खटक्याचे टोक अडकलेले असते. चाप ओढला की खटका उचलला जातो, टोक खाचेतून निसटते आणि घोडा सुटतो. म्हणजे कमानीचा सगळा जोर जे टोक थोपवून धरते ते नखाच्या कडेएवढे असते. असे लॉक बनवणे हा इंग्लंडात वेगळाच धंदा होता. वुल्व्हरहॅम्प्टनचे जोसेफ ब्रेझिअर यांचे लॉक नावाजलेले बंदूकवालेसुद्धा विकत घेऊन आपल्या बंदुकीत बसवत.

कमान वळणावरच तुटली होती. तुटल्या जागी गंजाचा एक काळा ठिपका. कमानीवर आडवा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असला की तिथून चीर सुरू होते, ठाण्यातल्या दमट कोठडीने बाकीचे काम केले. वेल्डिंगचे आम्ही विचारले तेव्हा ते हसले. पोलादाला ताप देऊन, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून कमानीचा ‘पाणीदारपणा’ येतो. वेल्डिंगच्या आचेत तो त्या जागी मरतो. जोडलेली कमान चार दिवस चालते आणि पुन्हा तिथेच जाते.

तयार सुटा भाग मिळणार नाही का? नाही. या बंदुका हाताने कानस मारून जुळवलेल्या असतात. उजव्या बाजूचा भाग डाव्या बाजूला बसत नाही, मग दुसऱ्या बंदुकीचा तर सोडाच.

आम्ही समजलो की आता नवी कमान घडवायची आणि झाले. पण त्यांनी भिंग डोळ्याला लावून घोड्याची खाच बराच वेळ पाहिली, मग डाव्या बाजूचीही पाहिली, आणि भाईजानना विचारले, “चाप हलका करून घेतला होता का कधी?”

भाईजानना काही आठवेना. मला आठवले. मी शाळेत असताना अब्बा उजवा चाप जड लागतो म्हणत, आणि कुणीतरी तो ‘गुळगुळीत’ करून दिला होता. त्या माणसाने खटक्याचे टोक आणि खाचेची कड दगडावर घासली होती. कड गोल झाली होती. चाप हलका झाला तो त्यामुळे, आणि त्याच कारणाने खटका कधीही आपोआप निसटू शकत होता. कारागिरांनी डाव्या बाजूची शाबूत कमान तात्पुरती न वापरता, हातातल्या साधनाने घोडा ताणून दाखवला. पट्टीला लाकडी हातोडीने हलकेच टिचकी मारली. घोडा सुटला.

“सेफ्टी लावलेली असती तर?” मी विचारले. ते म्हणाले, बहुतेक बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही अडवत. या बंदुकीत घोड्याला मध्येच झेलणारा दुसरा खटका होता, उत्तम बंदुकांत तो देतात. इतकी वर्षे अपघात झाला नाही तो बहुधा त्याच्यामुळे. अल्लाहची मेहेरबानी आणि कुण्या अनोळखी कारागिराची इमानदारी.

वेल्डिंगवाल्या दोस्ताची जोडणी समजा टिकली असती, तर आम्ही पूर्ण जोराची कमान अशा झिजलेल्या खटक्यावर बसवून, ‘बंदूक दुरुस्त झाली’ म्हणून, मुलाबाळांच्या घरात आणून ठेवली असती. तुटलेल्या कमानीमुळे उलट ती काही महिने निर्धोक होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी थट्टेतसुद्धा भावाकडे हत्यार रोखू नका म्हणून बजावले, कारण सैतान ते हातून निसटवील, मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना त्यांची पाती मुठीत धरायला सांगितली. लहानपणी ही हदीस ऐकताना मला वाटायचे, हात कसा काय निसटेल? त्या टिचकीने घोडा सुटताना पाहिला आणि उत्तर मिळाले.

काम दीड महिना चालले. खाचेची कड त्यांनी पुन्हा धारदार आणि नेमक्या कोनात आणली. खटका नवा घडवला. तो बसवताना दिव्याची काजळी धरायची, भाग जागेवर ठेवून काढायचा, काजळी जिथे पुसली गेली तेवढेच कानसायचे. असे कितीतरी वेळा. कमानीसाठी पोलादाची पट्टी लाल करून वळवली, पॉलिश लांबीच्या दिशेनेच केले, तेलात विझवली, मग अंगावरचे तेल जाळून जाळून तिला बेताचा ताप दिला. शेवटी काडतुसाऐवजी नकली टोप्या घालून दोन्ही बाजू तपासल्या. उजवा चाप आता जड आहे. जडच असायला हवा.

जुनी कमान आणि जुना खटका त्यांनी पुडीत बांधून परत दिले. मूळ भाग बंदुकीबरोबर ठेवा, घेणारा विचारतो, म्हणाले. आणि पावसाळ्यात तेलाचा हात फिरवत जा, निवडणुकीला जमा करतानाही तेल लावूनच द्या, रिकाम्या नळीवर चाप ओढत बसू नका. पट्टी घरी उघडायचा विचारही करू नका. दाबलेली कमान चिमट्यातून सुटली तर बोट घेऊन जाते.

दुकानदाराने पहिल्या बोलण्याप्रमाणे वाढीव भाव लेखी दिला. भाईजानना बंदूक विकायची नव्हती. त्या भावातून दुरुस्तीचा खर्च वजा केला, उरलेल्याचे पाच भाग केले. माझे दोन मी भाईजानना राजीखुशीने सोडले. आपाने सोडला नाही, आणि भाईजाननी तसे सुचवलेही नाही. तिचे अर्धे पैसे त्यांनी लगेच दिले, बाकीचे आंब्याचा हंगाम उतरल्यावर.